गळतंय मशीन, पुसतेय रंभा!

...आणि वर मलाच विचारतात, "रंभाबाई, एवढ्या चिंध्या लागतात कशाला?" आता बघा, मी काय चिंध्या खाते व्हय? तुम्हाला सांगते, रोह्याच्या कंपनीत झाडलोटीला लागले तेव्हा वाटलं, झाडू मारायचा, कचरा उचलायचा, संध्याकाळी एसटीनं आमच्या गडब गावाला घरी! पण त्या प्रेस मशीनखाली तेलाचं हे तळं... भुसा टाका, चिंधी फिरवा, साबणानं घासा, आणि मान वर करते तर टप्... टप्... टप्! गळतंय मशीन, पुसतेय रंभा!

मशीनवर हैबतराव. मिशा फौजदाराच्या, पण बोलणं लोण्यासारखं. "अगो रंभा, जुनं मशीन हाय, थोडं गळायचंच. माझे गुडघे नाय का कुरकुरत?" अवो, तुमच्या गुडघ्यांवरनं कुणी घसरून पडतं का? साहेबांना सांगावं, तर आमचे नीलकंठ साहेब, पेणचे, लई शांत माणूस, चष्मा पुसत म्हणणार, "ही ऑर्डर जाऊ दे, मग मशीन थांबवू. तोवर जरा लक्ष असू द्या." एक ऑर्डर गेली की दुसरी दारात! साहेब पुसतायत चष्मा, गळतंय मशीन, पुसतेय रंभा!

मग एक दिवस काय झालं... चहाची वेळ. हैबतराव दोन हातांत दोन ग्लास घेऊन ऐटीत येतायत, एक माझ्यासाठी हो!, आणि पाय पडला तेलात. माणूस जो सुटला... मला वाटलं आता थांबेल, मग थांबेल... बसल्या बसल्या सरळ माल उचलायच्या फोर्कलिफ्ट गाडीच्या पुढ्यात! पोपट ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. चाक मिशीपासून वीतभर! मी धावतच गेले. आणि हैबतराव? ग्लास तसेच वर धरलेले, म्हणतात, "रंभा... चहा घे गो," आणि रडायलाच लागले! एवढा मोठा माणूस!

मग हैबतरावांनीच डोळे पुसले, उठले आणि लाल बटण दाबलं. मशीन बंद! साहेब धावत आले, "कुणी बंद केलं? ऑर्डर आहे!"

"मी केलं. चालू करायला दुसरा माणूस बघा."

मीपण चिंधी बादलीत टाकली. "आणि पुसायला दुसरी बाई!"

पोपट खाली उतरला, किल्ली खिशात. साहेबांनी तेलातली ती रेघ बघितली, थेट चाकापर्यंत गेलेली... तोंडावरचा रंगच उतरला. म्हणाले, "फिटरला बोलवा."

फिटरनं उघडलं, तर आतलं रबरी सील पार फाटलेलं! नवं बसवलं, पाइप आवळले, खाली ट्रे ठेवला, आणि आता शिफ्ट सुरू व्हायच्या आधी हैबतराव रोज बॅटरी मारून मशीनखाली बघतात, गुडघे कुरकुरत का असेनात! फरशी कोरडी ठणठणीत. नाय गळत मशीन, बसलीय रंभा!

मग कंपनीत सेफ्टीचा कार्यक्रम झाला. हार काय, भाषण काय! "गळती थांबवायला लावली म्हणून रंभाबाईंचा सत्कार!" बक्षीस काय दिलं असेल? गोड्या तेलाचा डबा! मांडीवर घेऊन मिरवत एसटीत बसले, आणि नागोठण्याच्या पुढचा रस्ता तुम्हाला ठाऊकच हाय... एक खड्डा, दुसरा खड्डा, आणि डब्याचं बूच उडालं! अख्खी गाडी पाय वर घेऊन बसली. कंडक्टर ओरडला, "ओ मावशी, हे आता पुसणार कोण?"

...काय करता? पदर खोचला. म्हटलं, "पुसते हो मास्तर... पण आधी गाडी तर थांबवा!"