वार्निशच्या काठाखाली

सासू : पास की नापास? एका शब्दात सांग. मी सासू आहे, परीक्षक नाही.

सून : एका शब्दात नाही सांगता येणार, आई.

सासू : पीएचडीची तोंडी परीक्षा देऊन आलीस आणि तोंडच उघडेना! आधी चपला तरी काढ.

सून : प्रबंध परत आलाय. प्रयोग पुन्हा करायचे. वर्ष तरी जाईल.

सासू : अगं पण का? तुझं ते गंजपुराण तर मलाही पाठ झालंय. जुनं पोलाद खाऱ्या पाण्यात लवकर सडतं, नवं दुप्पट टिकतं. भाजी चिरता चिरता मीच उजळणी घेतली ना तुझी?

सून : तेच चुकलं. प्रयोगातल्या पोलादाच्या तुकड्यांच्या कडा आम्ही वार्निशनं झाकतो, म्हणजे पाणी फक्त वरच्या बाजूला लागतं. जुन्या पोलादाचे तुकडे मी हौसेनं आरशासारखे गुळगुळीत केले होते. त्यांवर वार्निश धरलंच नाही. काठाला केसाएवढी फट राहिली.

सासू : एवढ्याशा फटीनं काय होतंय?

सून : सगळं तिथंच होतं. फटीत अडकलेल्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो. मग ते पाणी हळूहळू आम्ल होतं आणि धातू पोखरत सुटतं. नवे तुकडे खरखरीत होते, त्यांचं वार्निश घट्ट बसलं.

सासू : म्हणजे शर्यत पोलादाची नव्हतीच. वार्निशची होती!

सून : अगदी.

सासू : परीक्षकाची नजर घारीची म्हणायची.

सून : त्यांना कुठं दिसलं? ते अभिनंदन करून उठायच्या बेतात होते.

सासू : मग सांगितलं कुणी?

सून : आज सकाळी जायच्या आधी जुन्या पोलादाच्या गंजलेल्या तुकड्यांचे फोटो पुन्हा पाहिले. सगळे खड्डे काठाला, मधे एकही नाही. परीक्षेच्या शेवटी परीक्षकांनी विचारलं, आणखी काही सांगायचंय? नुसतं ‘नाही’ म्हटलं असतं तरी चाललं असतं.

सासू : आणि तू बोललीस.

सून : बोलले. माझे मार्गदर्शक सर कपाळाला हात लावून बसले.

सासू : बसणारच! आपल्या हातानं पायावर धोंडा मारून घेतलास.

सून : रागावलात?

सासू : रागावू नको तर काय करू? आणखी वर्षभर तुझी ती घोकंपट्टी ऐकायची म्हणजे... पण काय गं, तुझे आकडे वाचून कुणी त्या नव्या पोलादाच्या टाक्या बांधल्या असत्या?

सून : बांधल्या असत्या. म्हणून तर गप्प बसवेना.

सासू : ये इकडे. ऊर भरून आलाय माझा. रडू नकोस हं, नाहीतर मीही सुरू होईन.

(फोन वाजतो.)

सासू : बोल ताई. हो, आली घरी. नाही, डॉक्टर नाही झाली अजून. छे गं, नापास कोण करतंय तिला! नको, तिला नाही देत फोन. ती आपलं कमी करूनच सांगेल. तू निवांत बस, मी पहिल्यापासून सांगते.