कोपऱ्यातलं तिचं नाव

नाही, ती पिन काढू नका अजून. नवं मशीन ठेवा त्या खुर्चीवर, पण हे बंद करू नका—सांगतो ना, बसा. तुमची ऑर्डर बरोबर आहे, भिंतीवरच्या पडद्याचं मशीन बदलायचं, अर्ज मीच केलाय. परवा. जरा घाईनंच केला. आता पडद्यावर बघा, उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात कुणाचं नाव आहे? वाचा. हां—माझं नाही ते. या शेजारच्या टेबलावर बसायची, तिचं. नऊ दिवसांपूर्वी काढलं तिला. पासवर्ड त्याच दुपारी बदलला, तरी पडदा अजून तिच्याच नावानं चालतोय.

कसा म्हणजे? लॉगिन केलं की सर्व्हर ब्राउझरला एक पास देतो, कुकी म्हणतात—गेटपासच समजा. माणूस बाहेर पडला की पास फाडायला हवा ना? आमचं हे नेटवर्कवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर फाडतच नाही. जानेवारीत तिनं इथं बसून पडद्यावरचा नेटवर्कचा नकाशा दुरुस्त केला, नीट लॉगआउट केलं, 'काका, येते' म्हणाली आणि गेली. मी सहज मागं जायचं बटण दाबलं—सगळं जसंच्या तसं, बटणंसुद्धा चालू. सांगायला हवं होतं. पण माझ्या खात्याला नुसतं बघायची मुभा. कुठं लाइन तुटून इथला भोंगा वाजला की दर वेळी 'ताई, जरा बंद करता का'—माझ्या निम्म्या वयाची पोर, जिवावर यायचं. तेव्हापासून ते पान मी बंदच होऊ दिलं नाही. वहीत लिहिलं मात्र, तारखेसकट. मी सगळं लिहितो.

तिला काढलं त्याच्या आधीच्या मंगळवारी डबा उघडला आणि भोंगा सुरू. एका हातात घास, दुसऱ्या हातात माउस. दहा मिनिटं गप्प करायचा, तो मी कायमचाच गप्प केला—आणि विसरलो. तीन दवाखान्यांची लाइन चार तास बंद, इथं चिडीचूप. नोंदीत नाव तिचं. ती सांगत राहिली, मी तेव्हा खाली होते, मी नाही केलं. साहेबांनी मला विचारलं, तुम्ही काय पाहिलं? म्हटलं, मी जेवत होतो. खोटं नव्हतं ते. जाताना ती म्हणाली, काका, तुमचा तरी विश्वास आहे ना? मी मान हलवली. मानच हलवली नुसती.

हे मशीन बंद झालं की पास गेला. मग दाखवायला काही उरत नाही. म्हणून काही अर्ज केला नाही मी—पंखा वाजतो याचा, अर्जात तसंच लिहिलंय. ऐका ना, वाजतोय की नाही?

…नाही वाजत. बरं.

उठा. ते नवं मशीन घेऊन जा. खाली साहेबांच्या केबिनमध्ये डोकावा, म्हणावं काकांनी पडदा बघायला बोलावलंय, वहीही काढून ठेवलीय. आणि पाय उचला जरा—मला या पिनेजवळ फार वेळ एकटं ठेवू नका.