मागच्या गेटचा पल्ला कापल्याबाबत

दि. १०/०३/२०२५

मी सादिक अजीम शेख, वय ४४ वर्षे, धंदा वेल्डिंग व फॅब्रिकेशन, रा. प्लॉट नं. २७, वनश्री लेआउट, ऊर्जानगर रोड, जि. चंद्रपूर, समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी पत्नी साबिरा व दोन मुलांसह तीन वर्षांपासून राहतो. त्याआधी आम्ही शहरात, परकोटाच्या आत राहत होतो.

लेआउटच्या मागे पळसटोला हे गाव आहे. लेआउट पडण्याच्या आधीपासून त्या गावची जनावरे याच जागेतून रस्त्यापलीकडे चरायला जात. गावचे गुराखी मुखरू नैताम, वय अंदाजे ६०, ती नेत असत. कॉलनीतल्या लोकांना शेणाचा त्रास होता. दूध मात्र त्याच जनावरांचे चालत होते. शिवाय मागून वाघ आत येईल अशी भीती होती. म्हणून मागची मोकळी जागा गेट लावून कायमची बंद करावी, असा अर्ज सोसायटीचे अध्यक्ष भैयाजी ठेंगणे यांना दिला. त्यावर माझीही सही आहे.

गेटचे काम मलाच मिळाले. दि. १२/०२ रोजी खांबांचे खड्डे खोदताना मुखरू नैताम आले व म्हणाले, "भाऊ, जनावरं कुठून नेऊ आता?" मी म्हणालो, "मले काय विचारता, अध्यक्षाले विचारा. मी फक्त वेल्डिंग करून राह्यलो." ते निघून गेले. मोठ्या गेटात येण्याजाण्यापुरते लहान दार ठेवण्याची आमच्या धंद्यात रीत आहे. मी ठेवले नाही. कोणी सांगितले नव्हते, आणि आपण बरे, आपले काम बरे, असा माझा स्वभाव.

गेट बसून कुलूप लागल्यापासून जनावरे नाल्याकाठच्या झुडपातून वळसा घालून जात. दि. ०४/०३ रोजी सकाळी साडेसातच्या सुमारास तिथे मुखरू नैताम यांना वाघाने धरले. ते नागपूरला दवाखान्यात भरती आहेत. अजून बोलत नाहीत.

त्या दिवसापासून माझे कामात लक्ष नाही. एका खिडकीचे माप तीनदा घेतले, तरी ग्रील आखूड कापली. साबिरा म्हणाली, "एकदा जाऊन तर या त्यांच्या घरी." मी गेलो नाही. कोणत्या तोंडाने जाणार?

आज सकाळी पावणेसातला मी घराच्या छतावर होतो. मुखरू यांच्या पत्नी कमळाबाई गावची जनावरे घेऊन गेटबाहेर उभ्या दिसल्या. सहा दिवस जनावरे बांधूनच होती. चौकीदार धनराज त्यांना म्हणाला, "बाई, चाबी माह्याजवळ नाई. अध्यक्ष बाहेरगावी हायेत." कमळाबाईंनी जनावरे नाल्याकडे वळवली. मी वरूनच ओरडलो, "बाई, थांबा! तिकडे नका जाऊ!"

त्या थांबल्या. मी खाली उतरून गॅस कटरने गेटच्या दोन झडपांपैकी एका पल्ल्याचे तिन्ही कब्जे (बिजागऱ्या) कापले व पल्ला आडवा टाकला. धनराज अडवायला आला. त्याला मी शिवी दिली, हे खरे आहे. हात लावला नाही.

जनावरे आतून निघून गेली. कमळाबाई मागे थांबल्या व पडलेल्या पल्ल्याकडे पाहून म्हणाल्या, "एवढ्यातच झालं?"

मी म्हणालो, "हो बाई. वीस मिनिटं."

त्या म्हणाल्या, "मंग आठ दिवसाआधी काऊन नाई कापलं, भाऊ?"

मी कटर उचलून ठाण्यात आलो.

मला कोणी चिथावले नाही. गॅस कटर मी स्वतः आणून जमा केला आहे. हा जबाब मला वाचून दाखविण्यात आला. कमळाबाईंच्या प्रश्नाचा गुन्ह्याशी संबंध नाही, तो काढू, असे लिहून घेणाऱ्या साहेबांनी सुचविले. तो माझ्या सांगण्यावरून ठेवला आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे, म्हणून सही करतो.

सही/-
सादिक अजीम शेख