बाटलीतल्या दोन गोळ्या

भंडाऱ्याच्या स्टँडवर हर्षा तुमसरच्या बसची वाट पाहत होती. शेजारी खताच्या गोळ्या करायच्या मशीन पाहून आलेलं एक जोडपं बसलं होतं. दोघांमध्ये पाण्याची बाटली, तिच्या तळाशी शेणखताच्या दोन गोळ्या. दोघांची नजर त्यांच्यावरच होती.

"बाटली हलवू नका ना जी."

"हलवून नाही राहिलो. दाबाच्या मशीनची गोळी पाह, गोटीसारखी मजबूत हाये."

"धान कापेपरेंत मजबूतच राहीन ते. थाळीत फिरवलेली पाहा, फुगून राहिली."

"थाळीची गोळी पोत्यातच फुटते म्हणे तो दाबाच्या मशीनवाला मनिष."

"मनिषची धानाची बांधी हाये का? मांगच्या साली आपण खताची भुकटी टाकली, ते पाण्यावर तरंगली अन् बांधीचा धुरा फुटला तशी पाण्यासंगं सारी बाजूच्या डोमाभाऊच्या बांधीत गेली."

"आता कायले काढून राहिली ते?"

"त्यायच्या धानाचा सत्कार झाला जी. आपण टाळ्या वाजवल्या."

"तू जास्त वाजवल्या."

"आपल्याच खताचं धान हाये, मले का मालूम होतं तवा."

तुमसरची बस लागली. हर्षा उठली, पण बाटलीवरची नजर काही निघेना.

"अवो जी, उकलली."

"कोणती?"

"थाळीची. जागच्या जागी बसली पाहा, वर कणही नाही आला."

"सुटलो बापा. मंग थाळीचीच मशीन घेऊ. अन् हे दुसरी गोळी? डोमाभाऊले देऊ का?"

"राहू द्या. औंदा त्यायले टाळ्या वाजवू द्या."