मंगळवारचा नारळ

पंचफुला : नाही जी साहेब, भांडाले नाही आली मी. भांडायचं असतं तं मागच्या महिन्यातच भांडली असती, तुमी लिंबाखालून मायचा गोटा उचलाले लावला तवा.

संघदीप : मावशी, तुमच्या मरीमायशी माझं वैर नाही. सरकारी ऑफिसच्या आवारात कोणत्याच धर्माचं काही नको, एवढंच. माझ्या टेबलावरची बुद्धमूर्ती मी आधी घरी नेली. आईनं दिली होती ती.

पंचफुला : पाह्यलं ना म्या. म्हणून तं तोंड नाही उघडलं.

संघदीप : मग काय झालं? घरी नीट बसवली ना माय?

पंचफुला : बसवली. चुलीच्या बाजूले ओटा केला, शेंदूर लावला. माह्या म्हाताऱ्यानं मांडली होती ते लिंबाखाली, इथं शिपाई होता तवा. तो गेला, तं लोक म्हणे, पंचफुला, आता तू पाह्य. मंग दर मंगळवारी नारळ. अय्यूब ड्रायव्हर सोलून दे, म्या फोडला का सगळं हापिस हात पुढं करे.

संघदीप : अय्यूबभाई पण खायचे?

पंचफुला : छे बाप्पा! खाये नाही तो. पण उभा राहे. "बाई, गुडघा कसा हाय?" म्हणे. कोणी इचारे, "पोरीचा फोन आलता काय?" तेवढंच बोलणं, हप्ताभर पुरे मले.

संघदीप : मग घरी बोलवा ना सगळ्यांना.

पंचफुला : बोलावलं ना जी! एकेकाले सांगतलं. "येतो बाई, येतो" करत गाड्या काढल्या अन् गेले. मी दिवा लावून दारात बसली. कुत्रं नाही फिरकलं. देव घरी नेता येते साहेब, लोक कसे नेऊ? सारं नेर गाव ओळखते मले, पण घरात बोलाले भिंतीशिवाय कोणी नाही.

संघदीप : मला वाटलं, नुसती जागा बदलते आहे.

पंचफुला : अन् तुमाले तरी कोण हाय इथं? समदे टपरीवर चहाले जातात, तुमी खिडकीतून पाह्यता. डबा एकटेच खाता. झाडताना दिसते मले.

संघदीप : त्या दिवसापासून कोणी धड बोलत नाही. फाइल टेबलावर टाकतात अन् जातात. आई फोनवर विचारते, तर मजेत आहे म्हणतो.

पंचफुला : मीबी पोरीले तेच सांगतो.

(ती पिशवीतून फोडलेला नारळ काढते.)

पंचफुला : घ्या. खोबरं खा.

संघदीप : राग मानू नका मावशी, मी प्रसाद घेत नाही.

पंचफुला : मालूम हाय मले. म्हणून तं मायपुढं ठेवलाच नाही. घरी फोडला, अन् सरळ इकडं आली.

संघदीप : मंगळवारचा नारळ? अन् मायला काय सांगितलं?

पंचफुला : सांगतलं, आज तू उपाशी राह्य माय. तुह्याजवळ मी तं हावो. त्या लेकराजवळ कोणी नाही.