मी न घेतलेली डबी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, म्हणजे आपल्या कोपऱ्यावरचे औषध दुकानदार आजोबा. व्यासपीठावर बसलेले माझे चिरंजीव आणि त्यांचे भागीदार. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपले मौनीबाबा. पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या मातोश्री. आणि कंपनीतल्या माझ्या मुलामुलींनो, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मी मॅट्रिक झालेली बाई. भाषणाची सवय नाही, म्हणून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून आणलंय. कागद चांगला होता, टाकवला नाही.

नव्या मुलांना ठाऊक नसेल, पण सहा वर्षांपूर्वी ही कंपनी आमच्या बाहेरच्या खोलीत होती. माल एकच, औषधांच्या फ्रीजमध्ये ठेवायची ही डबी. गारवा कमी झाला की फोनवर ओरडणारी. डबी झकास होती हो, पण विकणार कोण? हे दोघे इंजिनियर. गिऱ्हाईक समोर आलं की गिऱ्हाइकाआधी यांनाच घाम फुटायचा. म्हणून विक्रीसाठी माणसं शोधायला निघाले.

तेव्हा भागीदारांनी अक्कल लढवली. म्हणाले, "काकूंनाच गिऱ्हाईक करू. तीस वर्षांत काकूंनी दारावरच्या कुणाकडून टाचणी घेतलेली नाही. यांना जो विकेल, तो दगडालाही विकेल!"

झालं. मी खुर्चीत, डबी स्टुलावर, हे दोघे आतल्या दाराआड. एक टायवाले आले. मी तांदूळ निवडत ऐकत होते. तांदूळ संपले, त्यांचं संपेना. दुसऱ्याने पहिल्या वाक्यात मला 'आई' केलं आणि तिसऱ्यात हप्ते सांगितले. एक ताई मात्र खरंच चांगल्या बोलल्या. माझा हात पुढे व्हायला आला होता. त्यांनाही मी नकोच म्हटलं. अकरा माणसं, अकरा नकार.

चिरंजीव कळवळून म्हणाले, "आई, अगं एकाला तरी हो म्हण!"

"परीक्षा तुम्हीच लावलीत ना?" मी म्हटलं.

शेवटी भागीदार म्हणाले, महिनाअखेर माणूस मिळाला नाही तर गाशा गुंडाळू.

आणि बाराव्या नंबरला मौनीबाबा आले. पाणी प्यायले, पेला स्वतः आत नेऊन ठेवला. मग विचारलं, "काकू, तुमचं औषधांचं दुकान आहे?"

"नाही."

"घरात फ्रीजमध्ये ठेवायची औषधं?"

"देवाच्या कृपेने नाहीत."

"मग ही तुमच्या कामाची नाही," म्हणत त्यांनी डबी खोक्यात ठेवली. दाराआड चिरंजीवांनी कपाळावर हात मारला, तो मला ऐकू आला! पण बाबा उठेनात. हळूच म्हणाले, "काकू, तुम्हाला डबी नको हे ठीक. पण तुम्हाला ही कंपनीच नकोय, हो ना?"

सभ्य स्त्रीपुरुषहो, आजवर हे मी कुणाला सांगितलं नाही. मुलाने चांगली नोकरी सोडली होती. रोज दिव्यासमोर मी देवाला साकडं घालत होते, हे दुकान बंद होऊ दे, पोरगा परत नोकरीला लागू दे. म्हणून सगळ्यांना नको. चिरंजीव, असे बघू नका. पाणी प्या.

बाबा म्हणाले, "भीती खरी आहे, काकू. मला एक महिना द्या. नाही जमलं तर 'नोकरी बघ' हे मीच तुमच्या मुलाला सांगेन. वाईटपणा तुम्हाला घ्यायला नको."

मी आत हाक मारली, "याला घ्या रे!"

"आई, त्याने तर काही विकलंच नाही!"

विकलं होतं. मला कंपनी विकली होती.

त्याच दुपारी ते अध्यक्षांच्या दुकानात शिरले, ते दोन तासांनी बाहेर आले. आजोबा, त्यातली पाच मिनिटं तरी बोलले का हो? बघा, हसतायत! तेव्हापासूनच हे मौनीबाबा. खराब झालेल्या औषधांची सगळी कर्मकहाणी त्यांनी नुसती ऐकली आणि दोन डब्या लावून आले. पुढे मला विचारलं, "अकरांत बरं कोण होतं?" मी त्या ताई सांगितल्या. त्याच आज तुम्हा विक्रीवाल्यांच्या साहेब आहेत. ताई, तुम्हाला दिलेला तो नकार खोटा होता. माफ करा.

आता मौनीबाबा स्वतःची कंपनी काढतायत. मातोश्री, मघापासून बघतेय, तुमचा चहा निवला. देवाला तुम्ही काय सांगताय, तेही मला ठाऊक आहे. तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण त्याने माझ्याकडे मागितला होता, तेवढा एक महिना त्याला द्या. आणि माणसं पारखायला तो तुम्हाला खुर्चीत बसवू लागला, तर बसू नका. मला बोलवा. यावेळी चांगल्याला मी हो म्हणेन.

माझं बोलणं गोड मानून घेतलंत, आभारी आहे. कुणाचं मन दुखावलं असेल तर पोटात घाला. चिरंजीवांशी मी घरी बोलेन.

आणि मातोश्रींना कुणीतरी गरम चहा आणा. त्यांनी कप पुढे केलाय.