आपियात किती वाजले?

(सामोआ. आपियातल्या डायलिसिस केंद्रात संचालकांची खोली. दुपारचे दोन.)

तुआला : एकच वस्तू आणि बनवणाऱ्या कंपन्या पाच? तालोसिया, मला बनवू नकोस.

तालोसिया : मामा, दर रविवारी चर्चच्या जेवणाला सगळ्या बायका पालुसामी आणतात. अळूची पानं तीच, नारळाचं दूध तेच. तरी तुम्ही मामीच्या पातेल्याला वळसा घालून फेतूबाईंच्या पातेल्याकडे जाता.

तुआला : ऑफिसात मामा म्हणायचं नाही. आणि फेतूबाईंचा विषय ऑफिसात नाही, घरी तर अजिबातच नाही.

तालोसिया : बरं, संचालकसाहेब. हेही तसंच आहे. कुठल्या पेशंटला किती वाजता आणायचं, ते ड्रायव्हरच्या फोनवर पाठवणारा आपला प्रोग्राम जावा नावाच्या भाषेत लिहिलाय. तो चालायला एक संच लागतो. त्या संचाची कृती जगाला खुली आहे. ज्याला जमेल त्याने शिजवावा.

तुआला : मग संच पहिल्या कंपनीकडून घ्यायचा, असं चार वाजता केंद्राच्या मंडळाला कळवतो. त्यांनी छत्री दिलीय.

तालोसिया : ती गेल्याच आठवड्यात उलटी झाली.

तुआला : वाऱ्याने. वाऱ्याचा दोष कंपनीवर ढकलू नये. तक्ता केलास का गुणांचा?

तालोसिया : केला. पाचही जणांना सारखे गुण पडले. म्हणून सगळ्यांना एकच प्रश्न पाठवला. सामोआने आठवडाभर आधी सांगून घड्याळ बदललं, तर तुमच्या संचाला किती दिवसांनी कळेल?

तुआला : संचाला घड्याळ कशाला? भिंतीवर आहे की.

तालोसिया : संचात साऱ्या जगाच्या घड्याळांची वही असते. गेल्या सप्टेंबरात आपल्या सरकारने आयत्या वेळी ठरवलं, यंदापासून उन्हाळ्यासाठी घड्याळाचा तास पुढे सरकवायचा नाही. तुम्ही सरकवला नाहीत, गावच्या घंटेने सरकवला नाही. वहीने मात्र जुन्या सवयीने सरकवला. सोमवारी गाडी प्रत्येकाच्या दारात तासभर आधी.

तुआला : थांब. ते ड्रायव्हर पुलोऊचं काम. हॉर्न वाजवला, कुणी आलं नाही, निघून गेला. मी त्याला ताकीद दिलीय. लेखी. शिक्क्यासकट.

तालोसिया : पुलोऊ फोनवर आलेल्या वेळेला गेला. फोन म्हणाला सात, खरे वाजले होते सहा. बाबा तेव्हा आंघोळीला गेले होते.

तुआला : दाजी? दाजींचा काय संबंध?

तालोसिया : सातला ते रस्त्यावर आले. गाडी येऊन गेलेली. नऊपर्यंत उभे होते. त्या दिवशीचा उपचार बुडाला. बुधवारी पाय सुजून खांबासारखे झाले होते.

तुआला : मला म्हणाले, खारट मासे जास्त झाले.

तालोसिया : मेहुण्याच्या केंद्राला नाव कसं ठेवायचं, म्हणून.

तुआला : बरं, ते लवकरचं झालं. ऑक्टोबरात गाड्या उशिरा आल्या होत्या. त्याचीही ताकीद पुलोऊलाच गेलीय. ती तरी बरोबर होती ना?

तालोसिया : तो दोष माझा. पहिला घोळ लक्षात आल्यावर मी सगळ्या वेळा हाताने तासभर पुढे ढकलल्या. तीन आठवड्यांनी कंपनीने गुपचूप वही दुरुस्त केली, आणि माझा तास तसाच राहिला. बाबा परत रस्त्यावर उभे.

तुआला : हे कुणाकुणाला सांगितलंयस?

तालोसिया : आत्ता तुम्हाला.

तुआला : वर्षभर पुलोऊ चर्चमध्ये माझ्या मागच्या बाकावर बसून माझ्या मानेकडे बघतोय. मला वाटायचं, भक्तीने.

तालोसिया : मी आधी सांगायला हवं होतं, मामा.

तुआला : हवं होतं. आणि शिक्का मारण्याआधी मी विचारायला हवं होतं. वाच उत्तरं.

तालोसिया : छत्रीवाल्यांनी चाळीस पानांचं रंगीत पुस्तक पाठवलंय. त्यात घड्याळ नाही, सूर्योदय आहे. दुसऱ्यांनी विचारलं, तुमच्या देशात एकूण कॉम्प्युटर किती?

तुआला : म्हणजे आधी आमची लायकी मोजणार. पुढे?

तालोसिया : तिसऱ्यांनी विचारलं, तुमच्याकडे अजून कालच आहे ना?

तुआला : दहा वर्षं झाली आपण तारखेची रेषा ओलांडून आजमध्ये येऊन!

तालोसिया : चौथे म्हणाले, तुमचा प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. महिना झाला, अजून महत्त्वाचाच आहे. पाचवं उत्तर ॲडलेडच्या हेदरबाईंचं. छोटी कंपनी. लिहितात, ‘गेल्या वेळी आम्हीही नऊ दिवस उशीर केला. वर्तमानपत्रात वाचलं तेव्हा कळलं. माफ करा.’

तुआला : ही बाई माल विकायला बसलीय की पाद्र्यापुढे कबुली द्यायला? फोन लाव. मोठ्या आवाजावर.

हेदर : हॅलो, हेदर.

तुआला : बाई, मी तुआला, आपियाहून. सांगा बघू, इथे किती वाजलेत?

हेदर : अडीच. माझ्याकडे अकरा.

तुआला : कुठे बघून सांगितलंत?

हेदर : कुठेच नाही. आमचं गाव अर्ध्या तासावर अडकलेलं. सिडनीवाले चाळीस वर्षं मला ऐन जेवणात फोन करतात आणि म्हणतात, अर्धाच तर तास! तुमची परीक्षा झाली असेल तर कामाचं बोला.

तुआला : आमचा पुरा तास होता. माझे दाजी रस्त्यावर उभे राहिले. दोनदा.

हेदर : कशासाठी?

तुआला : डायलिसिसच्या गाडीसाठी.

हेदर : ...हे पत्रात नव्हतं.

तालोसिया : मी लिहिलं नाही.

हेदर : ऐका. तुमच्या सरकारने तोंड उघडलं की त्याच दिवशी मला फोन करा. माझ्या नावाने. जगाची वही कधी बदलेल ते माझ्या हातात नाही. तुमच्या संचातली मी त्या आठवड्यात बदलून देईन. नाही जमलं, तर गाडी निघायच्या आधी तसं सांगेन. आणि पोरी, हाताने तास हलवायचा नाही.

तालोसिया : ते तुम्हाला कुणी सांगितलं?

हेदर : कुणी नाही. मीही एकदा हलवला होता. ठेवते, माझी चहाची वेळ झाली.

तुआला : हिने छत्रीबित्री काही देऊ केली नाही.

तालोसिया : नाही.

तुआला : पेन दे. हे घे, मंडळाला हिचं नाव कळव. आणि पुलोऊची दोन्ही पत्रं फायलीतून काढ. तो गाडी घेऊन आला की माझ्याकडे पाठव. नको, मीच खाली जातो. रविवारी त्याला घरी जेवायला बोलावतो. मामी पालुसामी करेल.

तालोसिया : मामा, माफी मागायचीय ना त्याची?

तुआला : ...बरं, फेतूबाईंकडून मागवू. पण आधी दाजींना फोन लाव. अजून तासभर आधी येऊन बसतात ना रस्त्यावर?

तालोसिया : वर्षभर. घडीची खुर्ची घेऊन.

तुआला : सांग त्यांना, तुआलाने सही केलीय. आता गाडीच्या वेळेला निघा. ...काय म्हणतायत? एवढा वेळ काय बोलतायत?

तालोसिया : म्हणाले, तुआलाचे आभार मान. पण खुर्ची राहू दे. आता त्या रस्त्याने जाणारा प्रत्येकजण घटकाभर थांबतो. एखाद्या दिवशी मी बसलेला दिसलो नाही, तर सगळं गाव घरी विचारायला येईल.